कुलपातला सूर

मित्रांनो, भीमेकाठी मांडवगण फराट्याजवळच्या आमच्या वस्तीवर यमाईचं देऊळ आहे. यंदाच्या आधीची दोन नवरात्रं तुम्ही तिथं आला असतात, तर उजव्या भिंतीला काचेचं कपाट दिसलं असतं. आत हार घातलेला, चार तारांचा एक जुना तंबोरा. तोच मी. लोक देवीला हात जोडायचे आणि जाता जाता मलाही जोडायचे. मला हात लावणारं मात्र कोणी नव्हतं.

माझा भोपळा भीमेकाठीच पिकला, खाली सोलापूरकडं. मिरजेच्या कारागिरांनी तो वाळवला, कापला, त्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवली, लांब दांडी जोडली, खुंट्या लावल्या. तिथून मी या देवळात आलो. त्या काळी इथं एक गवईबुवा राहायचे. त्यांनी देवीच्या देवळांचं एक पद भैरव रागात बांधलं होतं. त्यात माहूर येतं, तुळजापूर येतं, कोल्हापूर येतं, वणी येते आणि शेवटी आमच्या वस्तीवरची यमाई. घट बसायच्या सकाळी हे पद म्हटल्याशिवाय इथं घटाचं धान्य पेरत नाहीत.

बुवांनी ते पद सरूबाईंना शिकवलं. सरूबाई वांग्याच्या तोडणीला जायच्या, घरची जनावरं बघायच्या आणि आवाज असा लावायच्या की बाहेर चपला काढणारे लोक चपला हातात धरूनच उभे राहायचे. प्रत्येक देवळाचं नाव आलं की त्या थांबायच्या. तेवढा वेळ फक्त माझ्या तारा वाजत राहायच्या. त्या म्हणायच्या, "तेवढ्यात जाऊन पाया पडून यायचं." माहूर त्यांनी कधी पाहिलं नाही. त्या अशाच जाऊन यायच्या.

आणि तारा छेडायचे त्यांचे मालक, ज्ञानदेव आबा. आबांना गाणं येत नव्हतं. ते सरूबाईंच्या मागं मांडी घालून बसायचे, मला खांद्याशी धरायचे आणि चार तारांवरून बोटं फिरवत राहायचे. लग्नापासून ते असेच मागं बसत आले होते. गाणं संपलं की आबा तारा सैल करायचे आणि मला कापडाच्या गवसणीत घालायचे. तारा ताणलेल्या ठेवल्या की तबलीवर ओढ बसते, म्हणून.

मग सरूबाई आजारी पडल्या. दौंडला नेलं, तिथून पुण्याला नेलं. त्या परत आल्या नाहीत.

आजारी पडल्या त्या सकाळीही त्या देवळात गायल्या होत्या. त्याच दिवशी आबांना त्यांना घेऊन दवाखान्यात पळावं लागलं आणि तारा सैल करायच्या राहिल्या. दिवसकार्य झाल्यावर आबा देवळात आले. तारा तशाच, सरूबाईंच्या सुरात ताणलेल्या. त्यांनी खुंटीकडं हात नेला आणि मागं घेतला. पुढच्या आठवड्यात कपाट आलं. काच बसली, कुलूप लागलं. किल्ली आबांच्या करगोट्याला.

"तिचा सूर हाय त्यात," ते सगळ्यांना सांगायचे. "कुणी हात लावायचा न्हाई."

मित्रांनो, बाहेरून मी फार मानाचा दिसत असेन. आत मला घुसमटायचं. वर पत्रा, पुढं काच. उन्हाळ्यात लाकूड तापायचं, पावसाळ्यात फुगायचं. चार तारा रात्रंदिवस तबलीला ओढत राहायच्या. पहिल्या नवरात्रात घटाच्या सकाळी आबांनी मोबाईलवरचं सरूबाईंचं जुनं गाणं कर्ण्यावर लावलं. त्यात पंखा घरघरत होता. त्या माहूर म्हणाल्या, तुळजापूर म्हणाल्या, आणि मी काचेमागून नुसता ऐकत राहिलो.

प्रतिभा ही सरूबाईंची शिष्या. शिक्रापूरला कंपनीत काम करते, कामाची पाळी सांभाळून देवळात शिकायला यायची. यंदा घट बसायच्या आधी देऊळ धुवायला बायका जमल्या, तेव्हा तिनं आबांना गाठलं.

"आबा, घटाचं पद मी म्हणू का? काकींनी पुरं शिकिवलंय मला."

"म्हण की. कोण न्हाई म्हणतंय?"

"मग तंबोरा काढा."

"त्यो न्हाई निघायचा."

"माझा आवाज काकींच्या खाली हाय. तारा जरा उतरवाव्या लागतील, एवढंच."

"एवढंच?" आबा म्हणाले. "मोबाईलवर तंबोरा वाजतो म्हणं आता. त्याच्यावर म्हण."

गुरव म्हस्कू समया घासत बसला होता. तो म्हणाला, "आबा, गाभाऱ्याला बी एवढं मोठं कुलूप न्हाई ओ आमच्या."

"तुझ्या समया घास तू."

"घासतोय की. ह्या रोज पेटत्यात, म्हणून घासाव्या लागत्यात."

प्रतिभानं बादली उचलली आणि पायऱ्या धुवायला गेली. मला वाटलं, संपलं. आता मी इथंच जुना होणार.

त्या दुपारी पत्रा फार तापला. माझी एक तार ताण सोसता सोसता तुटली. टण्ण असा आवाज देवळात घुमला.

"कुणी हात लावला?" आबा धावत आले.

"किल्ली तुमच्यापाशी, आबा," म्हस्कू म्हणाला. "हात कोण लावंल?"

आबांनी कुलूप काढलं. मला बाहेर घेतलं आणि ओल्या फरशीवर तसेच बसले. राहिलेल्या तीन तारा त्यांनी हळू छेडल्या. थांबले. परत छेडल्या.

"ह्यो तिचा सूर न्हाई," ते म्हणाले.

प्रतिभा जवळ येऊन टेकली. "हवेनं उतरत्यात तारा, आबा. कुणी हात न्हाई लावला तरी."

"मला वाटलं, ठिवला तसा ऱ्हाईल."

तिनं माझ्या तबलीवर तळवा ठेवला. "ही बघा. दबलीय."

आबा बराच वेळ तबलीवरून बोट फिरवत राहिले. बायकांनी झाडू थांबवले होते. मग आबांनी विचारलं, "तुझा सूर कुठला गं?"

प्रतिभानं 'सा' लावला. खरंच खालचा होता. आबांनी स्वतः खुंटी पिळली आणि तार उतरवली.

नवी तार आणली. घटाच्या सकाळी प्रतिभा म्हणाली, "मागं कुणी बसंना. तुम्ही बसा."

"मी तिच्याच मागं बसलोय आजवर."

"म्हणून तर म्हणतीय."

आबा बसले. सुरुवातीला बोटं चुकत होती. माहूर आलं तोवर सावरली. माझा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, दबलेली तबली थोडी चिरकते. तरी मी वाजलो. यमाईचं नाव आलं आणि बायकांनी घटाच्या मातीत धान्य पेरलं.

मित्रांनो, तुमच्या घरात गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल, तर ती पुसा, दुरुस्त करा, पण कुणाच्या तरी हातात द्या. कुलपात आम्ही राखले जात नाही. आम्ही आतल्या आत बिघडतो.

पद संपल्यावर प्रतिभा खुंट्यांकडं बघत म्हणाली, "आबा, राहू द्या ना अशाच. छान लागल्यात."

आबांनी एकेक तार सैल केली. "उद्या परत लावू," ते म्हणाले आणि मला गवसणीत घातलं.