अंबूबाईनं अंथरलेलं घोंगडं
बिराप्पा जुन्या लढाईतला शिपाई. बांधाच्या भांडणात त्याच्या हातनं माझा थोरला भाऊ मेला, आन् त्याला जन्मठेप झाली. सांगलीच्या तुरुंगात त्यानं कैद्यांना घोंगडी विणायला शिकवलं. सत्तेचाळीस साली सरकारनं त्याला लवकर सोडलं.

त्याला परत जमातीत घ्यायचं का, हे ठरवायला देवळापुढं बैठक बसली. पंचांच्या घोंगड्यावर त्याला जागा न्हाई, असं मीच बजावलं होतं. तो उन्हात पलटणीतल्यासारखा ताठ उभा राहिला.

तवा त्याच थोरल्या भावाची विधवा, माझी भावजय अंबूबाई उठली. त्यानं तुरुंगातनं तिला धाडलेलं घोंगडं तिनं अंथरलं. इतकी वर्षं तिनं त्याची घडी मोडली नव्हती.

"बस दादा," ती म्हणाली. "उद्यापासनं माझी मेंढरं तू राख."

तो बसला न्हाई. माझ्याकडं बघत राहिला.

मी उठलो, त्या घोंगड्यावर आधी बसलो आन् शेजारची जागा हातानं थापटली.