त्या दिवशी मी एंगेज होतो

माझ्या बटणांवरचे आकडे पार पुसून गेलेत, म्हणून आधी ओळख करून देतो. मित्रांनो, मी अंबरनाथ पूर्वेच्या दौलतरावांच्या एसटीडी बूथमधला एक जुना टेलिफोन आहे. आता कपाटावर धूळ खात पडलोय, पण एके काळी माझा केवढा तोरा होता!

कारखान्यातून आलो तेव्हा मी लालभडक होतो. दौलतरावांनी मला हार घातला, पुढ्यात पेढा ठेवला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. आळीतले लोक परगावच्या माणसांना माझाच नंबर देत आणि पुढे ‘पी.पी.’, म्हणजे शेजारचा फोन, असं लिहीत. मी वाजलो की दौलतराव दारातून हाक मारत आणि ज्याचा फोन असेल तो हातातलं काम टाकून धावत येई. बारशी, सोयरिकी, नोकऱ्या, सगळं आधी माझ्या कानावर यायचं. मला त्याचा माजच चढला होता, खोटं कशाला बोलू?

आळीतल्याच शीलाताईंचा नवरा मिलिंद कच्छमध्ये एका कारखान्यात फिटर होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि शीलाताई अर्धा तास आधीच येऊन बसायच्या.

२००१ सालची २६ जानेवारी. झेंडावंदन आटोपून पोरं घरी परतली आणि टीव्हीवर बातमी आली, कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. शीलाताई अनवाणीच धावत आल्या.

“काका, ह्यांच्या कारखान्यात लावा ना!”

दौलतरावांनी लावला. लागेना.

“रूटच जाम आहे गं. थांब, परत लावतो.”

परत लावला. शंभर वेळा लावला असेल. बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. “आज फोन हिचा,” म्हणाले. जेवायलाही उठले नाहीत. अंधार पडला तरी त्यांचं बोट माझ्या बटणांवरच होतं. इतकं पुण्याचं काम आपण आजवर केलं नाही, असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी कारखान्याचा माणूस निरोप घेऊन आला. मिलिंद गेला होता.

पुढच्या आठवड्यात त्याचा सोबती किसन शीलाताईंचं घर विचारत बूथवर आला. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

“भूकंपात तो वाचला होता, काका. जखमींच्या ट्रकबरोबर आम्ही राजकोटला आलो. तिथं एक फोन चालू होता. त्याच संध्याकाळी तो तासभर तुमचाच नंबर फिरवत होता. सारखा एंगेज! मग म्हणाला, कारखान्यात अजून माणसं अडकलीत, परत जाऊन त्यांना काढतो, उद्या लावीन. दुसऱ्या दिवशी परत हादरा बसला आणि भिंत अंगावर आली.”

दौलतरावांनी बूथचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “हे तिला सांगू नकोस, किसन. दिवसभर तीच लावायला सांगत होती.”

शीलाताई नंतर एकदा आल्या. “काका, जिवंत असते तर ह्यांनी एक तरी फोन केलाच असता ना?”

“तिकडच्या सगळ्या तारा तुटल्या होत्या, पोरी,” दौलतराव म्हणाले. माझ्याकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

मोठी माणसं अजून एकमेकांना विचारतात, भूकंपाच्या दिवशी तू कुठे होतास? मी इथेच होतो, मित्रांनो. धडधाकट होतो, चालू होतो, आणि तरी मला वाजता आलं नाही. म्हणून सांगतो, काळजी वाटली तर फोन जरूर लावा, पण मध्ये जरा खाली ठेवत जा. पलीकडचा माणूसही तुम्हाला शोधत असेल.

आणि शीलाताई अजून याच आळीत राहतात. भेटल्या, तर यातलं एक अक्षरही त्यांना सांगू नका.