न पडलेला चेंडू

सुलुफाइगाच्या हातून चेंडू सुटला त्याला अकरा वर्षं झाली, पण बेटावर तो अजून सुटतच होता. आनो म्हणजे चेंडू जमिनीला लागू न द्यायचा दोन संघांचा खेळ. त्याच्या सामन्यात जिंकणारे हरणाऱ्यांवर गाणं रचतात आणि ते स्वतः हरेपर्यंत गातात. समोरचा संघ, समुद्राकडचे, त्यानंतर हरलेच नाहीत. म्हणून ‘सुलुच्या हाताला भोक’ हे गाणं बारशाला, मासे साफ करताना, एकदा तर तिच्याच लग्नात झालं. तिनेही ताल धरला. चाल चांगली होती, काय करणार.

आज नऊ-नऊ झाले होते. दहावा गुण शेवटचा.

फेब्रुवारीच्या उधाणाचं पाणी नेहमीप्रमाणे जमिनीतूनच वर आलं होतं. मैदान गुडघाभर आकाश झालं होतं आणि दोन्ही रांगा ढगांत उभ्या होत्या. खेळ थांबवायचं कुणाला सुचलं नाही. चेंडू केवड्याच्या वाळक्या पातींचा, विणलेला. मागच्या वर्षी जहाजावरून रबरी चेंडू आला होता. सामन्यानंतर रिवाजाप्रमाणे तो पुलाकाच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या, खड्ड्यात खत म्हणून पुरला, तर कुजेचना; उलट कंदच रुसले.

समोरून तिलियानाने चेंडू मारला. ते गाणं रचणारी हीच, सुलुची सख्खी मावसबहीण.

सुलुने हात पुढे केले. चेंडू हातांतून निसटला. टप्.

“भोक!” समुद्राकडचे नाचायलाच लागले.

“थांबा रे,” पंच पासेमाता आजोबा म्हणाले. “जमिनीला लागला का?”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. चेंडू तरंगत होता.

“पण आजोबा, पडला की!” तिलियाना म्हणाली.

“पडतोय. अजून पडला नाही. ज्यांच्या बाजूला बुडेल ते हरले. हात लावायचा नाही.”

मग ऐंशी माणसं एका चेंडूच्या बुडण्याची वाट पाहत उभी राहिली. कुणी पाणी ढवळेना, कुणी शिंकेना. चेंडू सुलुपासून हळूहळू निघाला, मधल्या रेषेवर आला, तिथे स्वतःभोवती फिरू लागला. सुलु त्याला मनातल्या मनात विनवत होती: जा रे बाबा, पलीकडे जा, माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय अजून.

चेंडू भिजला. एक पात सुटली, मग दुसरी. करंगळीएवढे मासे आले आणि घर पाहायला आल्यासारखे आतबाहेर करू लागले. शेवटी तो सगळाच उलगडला. अर्ध्या पाती इकडे, अर्ध्या तिकडे. बुडायला चेंडूच उरला नाही.

आजोबांनी दोन्हीकडच्या पाती पाहिल्या.

“चेंडू जिंकला,” ते म्हणाले. “दोन्ही बाजू हरल्या. आता त्याचं गाणं ऐका.”

जिंकणाऱ्याचं गाणं मैदानात पंधरा मिनिटं चालतं. म्हणून पंधरा मिनिटं सगळे पाण्यात गप्प उभे राहिले. पाती हलत होत्या. एक-दोघांनी मान डोलावली.

“आपण हरलो म्हणजे…” तिलियाना कुजबुजली.

“म्हणजे तुझं गाणं संपलं,” सुलु म्हणाली. तिला पायाखालची जमीन लागेनाशी झाली होती, पण ते उधाणामुळेही असेल.

“चेंडूला काही शब्द येत नाहीत,” तिलियाना म्हणाली. “आता हरलेल्यांचं गाणं आपल्या दोघींनाच रचावं लागणार. बाई गं, सुरुवात कशी करायची?”

“तुझ्या नावाने,” सुलु म्हणाली.

“चाल?”

“चाल मी बघते.”