न खाल्लेलं कासव

"मामा, एवढंच म्हणायचं. आधी आम्ही कासव खायचो, आता सोडलं," मी म्हणालो.

माहासुलूमामा माझ्याकडे बघतच राहिला. ओकारी यावी तसं त्याचं तोंड झालं.

"कोण खायचं? तुझा आजा?"

कॅमेऱ्यामागे उभी असलेली रिंद्रा राजधानीतून आमच्यावर फिल्म काढायला आली होती. पोरगी वाईट नव्हती. पण परदेशातली संस्था आमच्या कासवांसाठी आणखी तीन वर्षं पैसे देणार, तर गाव किती सुधारलं ते त्या संस्थेला दाखवावं लागे. आम्ही आंद्रुई मुलखातले लोक कासवाला हात लावत नाही, त्याचा स्पर्श झालेलं भांडंसुद्धा फेकून देतो. बापजाद्यांची बंदी आहे. खाणारे बाहेरून येतात आणि पोती भरून नेतात. न खाणाऱ्यांनी खाणं सोडायचं कसं? पण पैशांसाठीच्या अर्जात त्या उत्तराला जागाच नव्हती. या मूर्खपणाची मला आजही किळस येते.

"पैसे थांबले तर राखण बंद, मामा. अकरा माणसं घरी बसतील. मग पोतीवाल्यांना रान मोकळंच."

ते काटेरी रान मामाने नऊ वर्षं राखलं होतं. एकदा पोतीवाल्यांनी त्याचं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. तरी तो पहाटे उठून जायचा, कासवांपासून चार पावलं लांब राहून ती मोजायचा आणि परत आल्यावर आकडा मला सांगायचा. त्याला लिहिता येत नव्हतं.

"लाव तुझा कॅमेरा," तो रिंद्राला म्हणाला. मग आमच्या बोलीत शांतपणे सांगितलं, "आमच्यात कुणी कासव खाल्लेलं नाही. ज्याने खाल्लं तो आमचा नाही."

रिंद्राला आमची बोली नीट कळत नसे. मामा उठून रानाकडे गेल्यावर तिने मला विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

दुभाष्या मी होतो. "म्हणतायत, लहानपणापासून खात होतो. आता लाज वाटते."

पैसे आले. त्या आनंदात रिंद्राने एका दुपारी शाळेत गाव गोळा केलं आणि ती फिल्म दाखवली. मामाच्या हलत्या ओठांवर माझा आवाज चढवला होता, राजधानीच्या भाषेत. तेवढी भाषा गावात सगळ्यांना कळते.

"म्हणजे हा माहासुलू खायचा?" मागून एक म्हातारी म्हणाली.

मामाशेजारी बसलेल्या बाईने आपलं मूल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. मी उठून खरं सांगायला हवं होतं. पण रिंद्रा दारातच उभी होती, आणि त्या अकरा पगारांबरोबर बारावा माझा होता. मी गप्प बसलो. त्या बसण्याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

मामा उठून चालू लागला. मी त्याच्या अंगणापर्यंत मागे मागे गेलो.

"रान तर वाचलं ना, मामा?"

"वाचलं," तो म्हणाला. "पण ते कासव माझ्या तोंडात तू घातलंस."

आमच्याकडे पाणी चार कोसांवरून बैलगाडीने येतं. सांडलं तर पोरांना मार बसतो. मामाने पिवळ्या कॅनमधून पेला भरून घेतला, चूळ भरली आणि वाळूत टाकली. पुन्हा भरली. कॅन रिकामा होईपर्यंत तो चुळा टाकत राहिला, आणि दारात उभ्या मामीने त्याला अडवलं नाही.