कोमट

टॉवेलांच्या घडीखाली हात घालून तिने फोन चाचपला आणि हात पटकन मागे घेतला. आजही तो कोमट होता.

कपाट लोटून ती पलंगाच्या कडेला बसली. दुकानातून आल्यावर चप्पलसुद्धा काढली नव्हती. दिवसभर चष्म्याच्या काचा धुऊन-पुसून बोटं गार पडतात, म्हणून तसं वाटत असेल, अशी तिने पहिल्यांदा स्वतःची समजूत घातली होती. मग एकदा गरम पाण्याने हात धुऊन बघितलं. तरी तेच.

फोन नवऱ्याचा. पोलादी, साबणाच्या अर्ध्या वडीएवढा. झाकण सरकवलं की आतले आकडे दिसत आणि मिटताना टक असा आवाज होई. घरात धड सोफा नव्हता तेव्हा त्याने हे महागडं खूळ आणलं होतं. "एवढ्यात फ्रिज आला असता, बर्फ तरी झाला असता," असं सासरे चारचौघांत ऐकवायचे. पुढे सगळ्यांच्या हातात पाटीएवढे फोन आले, तरी हा पठ्ठ्या शर्टाच्या खिशात तोच घेऊन फिरला. संध्याकाळी दारातच "धर जरा" म्हणत फोन तिच्या तळहातावर ठेवायचा आणि बूट सोडायचा. त्याच्या छातीची ऊब असायची फोनला. तिला ती फार आवडायची. हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.

तो गेला आणि फोनची बॅटरी फुगली. दुरुस्तीवाल्याने ती काढून टाकली.

"आता नुसतं डबडं आहे, ताई. आठवण म्हणून ठेवा."

म्हणजे आपोआप तापायचा प्रश्न नव्हता. घरात माणसं दोन, त्यातलं एक दिवसभर दुकानात. उरले सासरे. आपल्या कपड्यांत कोणी हात घालतं, या विचाराने तिला किळस आली आणि मग त्या किळसेचीच लाज वाटली.

नणंद कधीची मागे लागली होती. त्या संध्याकाळी पुन्हा तिचा फोन आला.

"वहिनी, रविवारी येते आणि बाबांना घेऊन जाते. परवा गॅस तसाच ठेवून फिरायला गेले म्हणे."

"विसरले एकदा."

"उद्या आणखी काही करतील. तू कुठवर पुरणार?"

एरवी ती ठाम नाही म्हणायची. या वेळी म्हणाली, "बघू." खरं तर तिला सासरे हवे होते. ते गेले तर त्याचं नाव घेणारं या घरात कोणी उरणार नव्हतं. तसं आताही दोघांपैकी कोणी घेत नव्हतं.

शनिवारी ती दुपारीच घरी आली. कुलपात किल्ली फिरवली आणि आतून आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक. बोलता बोलता झाकण उघडमीट करायची त्याची खोड होती.

सासरे खिडकीपाशी बसले होते. फोन दोन्ही तळव्यांत धरलेला.

"बाबा."

त्यांनी फोन लपवला नाही.

"लवकर आलीस."

"माझ्या कपाटात हात घालता तुम्ही?"

"घालतो. वाईट दिसतं, कळतं मला. पण तू गेलीस की घर खायला उठतं."

"मागायचा होता. दिला असता मी."

"मागितला असता तर त्याच्याबद्दल बोलावं लागलं असतं."

तिने पिशवी खाली ठेवली. रागवायचं ठरवून आली होती, ते जमेना.

"आणि तुझ्या हाताची ऊब होती ना त्याला," ते म्हणाले. "म्हटलं, पोरगी सकाळी जवळ घेऊन बसत असेल. निवायच्या आत आपणही धरावा थोडा वेळ."

सकाळी ती कपाट उघडतच नसे. कपडे आदल्या रात्री काढून ठेवायची तिची सवय होती.

"तुम्ही घेता तेव्हा गरम असतो?"

"असतो की. तूच तर..." ते थांबले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "तू नाही का घेत? मला भास होतात का गं?"

नणंदेची गाडी आत्ताच दारात उभी असल्यासारखे ते बसले होते. एक शब्द बोलायचा अवकाश, त्यांनी स्वतःच बॅग भरली असती.

"छे हो," ती म्हणाली. "मीच बसते घेऊन. रोज."

त्यांनी श्वास सोडला. तिने त्यांच्या हातातून फोन घेतला, स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या गार दगडावर ठेवला आणि नणंदेला फोन लावला.

"रविवारी जेवायला ये. बाबा इथेच राहतील."

मग तिने चहा केला. सासरे खुर्ची घेऊन तिथेच आले. चहा संपला, कप धुऊन झाले, बाहेरचं ऊन उतरलं.

"बर्फ तरी झाला असता, म्हणायचो मी त्याला," ते एकदम म्हणाले.

"आणि तो रुसायचा."

"दोन दोन दिवस."

ती हसली. हसताना डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत.

सासऱ्यांनी ओट्याकडे पाहिलं. "निवला असेल आता."

तिने फोनवर तळहात ठेवला. बाजूचा दगड गार होता. हात तिने बराच वेळ तसाच राहू दिला.

"नाही," ती म्हणाली.

हे मात्र तिने खोटं सांगितलं नव्हतं. खुर्ची उचलून सासरे ओट्याच्या आणखी जवळ येऊन बसले.