वर्गात माझी हजेरी पूर्ण आहे

मी एक सॅक. दुकानात टांगलेली, नावाचा शिक्का मिरवणारी नव्हे. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या काळ्या रेक्झिनमधून मला शिवलं. त्याच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिची आई ती लहान असतानाच गेली, घरात ही दोघंच. "शंभर किलोचा माणूस बसला तरी ही शिवण उसवत नाही," तो गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत होता. ते खरंच होतं, पण आपली लेक हिच्यात काय काय भरणार आहे, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती.

पहिला महिना सुखात गेला. दोन वह्या, एक पुस्तक, डबा. मग नाटकवाल्या ताईने विचारलं, आमच्यात येतेस का? आमच्या बाईसाहेब 'हो' म्हणाल्या. भित्तिपत्रकवाल्यांनी विचारलं, हो. वादविवाद मंडळ, हो. परिसर स्वच्छता, हो. तिला 'नाही' हा शब्द येतच नव्हता असं नाही. घरी बाबांनी भांडी घासायला सांगितली की तो तिला बरोबर आठवायचा.

माझ्या पोटात शिट्टी, बिल्ले, चिकटपट्टीची रिळं आणि खोट्या मिशांचे तीन जोड आले. वह्या तळाला गेल्या. एकदा एक मिशी डब्यात निघाली. बाबांनी काही न विचारता ती धुतली आणि रुमालाशेजारी वाळत घातली.

तासांचं काय करायचं, यावर तिने सोपी युक्ती काढली. संख्याशास्त्राच्या तासाला ती मला दुसऱ्या बाकावर ठेवायची आणि तालमीला पळायची. सरांनी नंबर पुकारला की मैत्रीण आवाज बदलून 'हजर' म्हणायची. सर चष्म्यावरून बाकाकडे बघायचे. मी दिसायचे. मुलगी पाणी प्यायला गेली असेल, असं समजून ते फळ्याकडे वळायचे. असं मी जवळजवळ पूर्ण सत्र बसून काढलं. सरासरीचं सूत्र मला आजही पाठ आहे. बाईसाहेबांना मात्र सर कुठल्या हाताने लिहितात, हेही माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने 'वेळेचं नियोजन' या विषयावर शिबिर ठरवलं. मुख्य संयोजक कोण, हे वेगळं सांगायला नको. नियोजनाच्या तयारीत तिची संख्याशास्त्राची चाचणी बुडाली, दोन वेळा जेवण बुडालं. त्यात शिबिराच्याच दिवशी दुपारी बारा वाजता बाबांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. "तुम्ही पुढे व्हा बाबा. अकराला शिबिर सुरू करून देते आणि पोचतेच," ती म्हणाली. बाबांनी विश्वास ठेवला.

वक्ते सव्वाबाराला उगवले. वाहतूक फार होती म्हणाले. मग त्यांनी दोन तास वेळेचं महत्त्व सांगितलं. तिचा फोन माझ्या पुढच्या कप्प्यात थरथरत होता, एकदा नाही, सहा वेळा. आवाज बंद होता आणि ती पहिल्या रांगेत. "नाही म्हणायला शिका," वक्ते म्हणाले, तेव्हा सर्वांत जोरात टाळ्या तिने वाजवल्या.

फोन पाहिला तेव्हा ती तशीच धावली. दवाखान्यात कळलं की सोबत घरचं माणूस नसेल तर ऑपरेशन करत नाहीत. बाबांना घरी पाठवलं होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

घरी आलो तर बाबा मशीनसमोर बसून सुईत दोरा ओवत होते. दोरा दरवेळी सुईच्या बाजूने निघून जात होता. तिने घाईघाईने सगळं सांगायला सुरुवात केली: वक्त्यांना उशीर झाला, प्राचार्य समोर होते, मध्येच उठता येईना. बाबांनी ऐकून घेतलं.

"कार्यक्रम कशाचा होता गं?"

"वेळेच्या नियोजनाचा," ती म्हणाली.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग लोक बरेच आले असतील." तिने त्यांच्या हातातून दोरा घेतला, सुईत ओवून दिला आणि तिथेच जमिनीवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी ती राजीनामे द्यायला निघाली. वादविवाद मंडळाने तिच्या राजीनाम्यावर दोन्ही बाजूंनी चर्चा ठेवली. स्वच्छतावाल्यांनी राजीनाम्यांचा विचार करायला एक समिती नेमली आणि सचिव म्हणून तिचंच नाव सुचवलं. तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत 'नाही' म्हणाली. आवाज इतका बारीक होता की पुन्हा म्हणावं लागलं. नाटक मात्र तिने ठेवलं. ते तिला मनापासून आवडत होतं, हे बाकी सगळं सोडल्यावर तिला कळलं.

शेवटी ती संख्याशास्त्राच्या सरांकडे गेली आणि सगळं कबूल केलं. सरांनी चष्मा काढून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मग परीक्षेला कुणाला बसवायचं? हिला?"

चाचणी पुन्हा घेईन, पण उरलेले सगळे तास पहिल्या बाकावर बसायचं, अशी अट त्यांनी घातली. त्यातला एकच तास तिने चुकवला, तोही आधी विचारून. त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या बाकावर होतो, मी तिच्या मांडीवर आणि माझ्यावर वही. फोन वाजला, शिबिराचा अहवाल कुठे आहे म्हणून. "उद्या देते," म्हणून तिने तो ठेवून दिला. बाबा डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आले आणि हाताने चाचपडू लागले. त्यांना शोधावं लागलं नाही, ती आधीच उठून उभी होती.

चाचणीत ती जेमतेम पास झाली. तिला अजून सगळं जमतं असं नाही. गेल्याच आठवड्यात ती तालमीपायी डबा विसरली. माझा एक पट्टा तुटलाय, चेन अर्ध्यावर अडते. पण वह्या पुन्हा वर आल्या आहेत. तेव्हा मुलांनो, जाता जाता एवढंच: आम्हा सॅकांना बाकावर एकटं बसवून जाऊ नका. आम्ही तास मन लावून ऐकतो हो, पण घरून फोन आला तर आम्हाला उचलता येत नाही.