‘बाकी सगळं’ नावाची ओळ

खालच्या सॉर्टिंग हॉलची मुकादम आणि वरच्या मजल्यावरची प्रोग्रामर नात्याने नणंद-भावजय होत्या, आणि हे पार्सल कंपनीत कुणापासून लपलेलं नव्हतं. लपणार कसं? खालून नणंद ओरडायची, “अहो इंजिनियरबाई!” आणि वरून भावजय कठड्यावर वाकून म्हणायची, “आले, वन्सं!”

नणंद नऊ वर्षांनी मोठी. बावीस वर्षं पार्सलं वेगळी करून तिचे हात इतके तयार झाले होते की खोकं उचललं की आत काच आहे की कापड, हे तिला न उघडता कळायचं. भावजयीला ते उघडूनही कळत नाही, असं तिचं मत होतं आणि ते ती रविवारच्या जेवणात सर्वांसमोर मांडायची. अशा वेळी भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा धाकटा भाऊ, खाली मान घालून पानातलं मीठ मोजत बसायचा. अनुभवाने माणूस शहाणा होतो.

हॉलमध्ये एक लांब पट्टा फिरायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उतरत्या वाटा होत्या. कामगार त्यांना घसरगुंड्या म्हणायचे. कुठलं पार्सल कुठल्या घसरगुंडीवरून खाली जाणार, हे भावजयीचा प्रोग्राम ठरवायचा. तो तीन गोष्टी बघे : आकार छोटा की मोठा, माल साधा की नाजूक, आणि पत्ता पूर्ण की अर्धवट. नियम वरून खाली वाचायचे आणि जो पहिला लागू पडेल तो खरा. मोठं पार्सल, पत्ता पूर्ण, तर माल कुठलाही असो, मोठी घसरगुंडी. छोटं, साधं, पत्ता पूर्ण, तर छोटी. छोटं, नाजूक, पत्ता पूर्ण, तर गादीची घसरगुंडी. चौथा नियम नणंदेने भांडून घालायला लावला होता : मोठं आणि नाजूक असेल, पत्ता पूर्ण असेल, तर ते घसरगुंडीवर टाकायचंच नाही, थेट तिच्या हातटेबलावर, म्हणजे हाताने पार्सलं लावायच्या टेबलावर, यायला हवं. पाचवा, साधा माल आणि पत्ता अर्धवट, तर चौकशी.

आता, लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कम्पायलर. भावजयीने निवडलेला कम्पायलर जरा खवचटच होता. पाच नियम वाचून तो अडून बसला. म्हणाला, नाजूक माल आणि अर्धवट पत्ता असं पार्सल आलं तर काय करू, ते सांगितलेलं नाही. सांगा, मगच पुढे जातो. शिवाय खाली पिवळ्या अक्षरांत एक बारीकशी सूचनाही दिली : चौथ्या ओळीवर पाळी कधीच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टा सुरू करायचा होता. मॅनेजरसाहेब दर अर्ध्या तासाने जिना चढून येत होते आणि “झालंच ना?” असं विचारत होते, म्हणजे होकारच ऐकायला आले असल्यासारखं. भावजयीने विचार केला, नाजूक वस्तू आणि अर्धवट पत्ता, अशी पार्सलं येतात किती? तिने शेवटी सहावी ओळ लिहिली : बाकी सगळं, परत पाठवा. कम्पायलर गप्प झाला. पिवळी सूचना तशीच होती, पण पिवळ्याने काम अडत नाही. ती चहा प्यायला गेली.

आठ महिने सुरळीत गेले. नणंद तर खूष होती. “माझ्या चौथ्या नियमापासून एक आरसा फुटलेला नाही,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

मग कंपनीने सजीव माल घ्यायला सुरुवात केली. रोपं, कुंड्या, असलं काहीबाही. मालाचे प्रकार दोनाचे तीन झाले. भावजयीने साधा आणि नाजूक यांच्या पुढे ‘सजीव’ असा शब्द जोडला, कम्पायलरला दिलं, आणि तो एक शब्द बोलला नाही. तिला बरं वाटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी एक मधमाश्या पाळणारे काका काउंटरवर येऊन उभे राहिले. हातात काड्यापेटीहून थोडी मोठी, जाळीची एक डबी. आत कुणीतरी बारीक आवाजात गुणगुणत होतं.

“ही राणीमाशी आहे,” काका म्हणाले. “सोबत तिच्या सहा दासी. माझ्या मेहुण्याच्या पोळ्यातली राणी मेली, म्हणून सोमवारी ही त्याच्याकडे पाठवली. मंगळवारी परत आली. पुन्हा पाठवली, बुधवारी परत. काल तिसऱ्यांदा पाठवली, आज बघतो तर पुन्हा दारात हजर. मेहुणा म्हणतो, दाजी, माहेरी एवढे कसले लाड करता हो तिचे, की सासरी नांदायलाच तयार नाही?”

काउंटरवरचे सगळे हसले. काकाही हसले, पण मग डबी टेबलावर ठेवून म्हणाले, “गंमत राहू दे बाजूला. राणीवाचून पोळं फार दिवस टिकत नाही. आज पोचली नाही, तर तिथल्या हजारो माश्या हातच्या गेल्या समजा.”

नणंदेने डबी उचलून चिठ्ठी वाचली. पत्ता पिनकोडासकट पूर्ण. मोत्यासारखं अक्षर. तिने मान वर केली.

“अहो इंजिनियरबाई!”

भावजय खाली आली, चिठ्ठी बघितली, आणि तिचा चेहरा पडला. छोटं, सजीव, पत्ता पूर्ण. पहिले पाच नियम या डबीबद्दल काहीच बोलत नव्हते. डबी घरंगळत थेट सहाव्या ओळीवर जात होती.

“वन्सं, चूक माझी आहे,” ती म्हणाली.

“ते मला जिन्यातच कळलं. नेहमी दोन-दोन पायऱ्या उतरतेस, आज एकेक करत आलीस. काय चुकलं ते सांग.”

भावजयीने ‘बाकी सगळं’ची गोष्ट सांगितली. ती ओळ होती म्हणून कम्पायलरला सगळी खोकी कुठे ना कुठे जाताना दिसत होती. नवा प्रकार आला तरी त्याला तक्रारीला जागा उरली नव्हती.

“म्हणजे तो विचारत होता आणि तू त्याचं तोंड दाबलंस.”

“हो.”

“बरं केलंस. घरीही तुझी तीच पद्धत आहे.” नणंदेने डबी काकांच्या हातात परत दिली. “पण त्या मेल्याला एकही पार्सल न बघता कसं कळतं, काय राहिलंय ते? मी बावीस वर्षं बघतेय, तरी मला सांगता यायचं नाही.”

“ट्रे आहेत का रिकामे?”

हातटेबलावर ट्रे मांडले गेले. आधी दोन ढीग, छोटं आणि मोठं. प्रत्येकाचे मालाप्रमाणे तीन, आणि त्या प्रत्येकाचे पत्त्याप्रमाणे दोन. एकूण बारा. भावजयीने पाच नियम पाच चिठ्ठ्यांवर लिहिले, एकेका नियमाच्या तीन-चार प्रती केल्या आणि म्हणाली, “मी वरून क्रमाने वाचते. नियम ज्या ज्या ट्रेला लागू पडेल, तिथे त्याची चिठ्ठी टाका. पण ट्रेमध्ये आधीच चिठ्ठी असेल तर टाकायची नाही. पहिला आला त्याचा हक्क.”

पहिल्या नियमाने मोठे आणि पूर्ण पत्त्याचे तिन्ही ट्रे घेतले. दुसऱ्याने एक, तिसऱ्याने एक. मग भावजयीने चौथा वाचला. नणंद चिठ्ठी घेऊन ‘मोठं, नाजूक, पूर्ण पत्ता’ या ट्रेपाशी गेली. तिथे पहिल्या नियमाची चिठ्ठी आधीच होती. तिने इकडेतिकडे बघितलं.

“ही कुठे टाकू?”

“कुठेच नाही, वन्सं.”

“कुठेच नाही म्हणजे?”

“तुमच्या नियमाच्या वाट्याचं वरच्यानेच घेतलंय. त्याची पाळी कधी आलीच नाही. कम्पायलर मला तेही सांगत होता, पिवळ्या अक्षरांत.”

काका डबी सांभाळत खुर्चीत बसले होते, तेही पुढे सरकले. नणंद चिठ्ठीकडे बघत उभी होती. “मग आठ महिने आरसे फुटले का नाहीत?”

मोठ्या घसरगुंडीच्या तोंडाशी पार्सलं उतरवणारा एक आडदांड कामगार होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. तो घसा खाकरून म्हणाला, “बाई, वरून आवाजच कळतो काचेचा. मी जुनी गादी टाकून ठेवलीय तिथे. आणि तसलं काही आलं की झेलतो.”

“मला सांगितलं का नाहीस कधी?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

भावजय मोठ्या निगुतीने ट्रे सारखे करू लागली. तिला हसायचं नव्हतं. आज तिच्याकडे हसायचा अधिकारही नव्हता. पण तिचे खांदे हलत होते.

“हस बाई, हस,” नणंद म्हणाली. “पुढचा वाच.”

पाचव्याने दोन ट्रे घेतले. मग नणंदेने रिकामे मोजले. पाच.

“हे पाच तो ओरडून सांगतो. आणि रिकामे ट्रे असोत की तुमच्यासारखी पाळी न येणारी ओळ, दोन्हीसाठी प्रश्न एकच विचारतो,” भावजय म्हणाली. “वरच्यांनी घेऊन झाल्यावर या ओळीच्या वाट्याला काही उरतं का? मधल्या ओळीला काही उरलं नाही तर ती ओळ फुकट. आणि सगळ्यांत शेवटी मनातल्या मनात तो एक ‘बाकी सगळं’ लिहून बघतो. तिला काही उरलं, तर नियम अपुरे. फक्त इतके ट्रे मांडत बसत नाही. अख्खा ढीग एकाच नियमाने गेला तर तो ढीग पुढे फोडतच नाही, नाहीतर लाखो ट्रे लागतील.”

नणंद ऐकत होती, पण तिची नजर एका भरलेल्या ट्रेवर होती. मोठं, सजीव, पूर्ण पत्ता. त्यात पहिल्या नियमाची चिठ्ठी पडलेली होती.

“हे बरोबर आहे का ग?” तिने विचारलं. “पुरुषभर उंचीची कुंडी, आणि ती घसरगुंडीवरून सोडायची?”

भावजयीने ट्रेमधली चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली.

“याबद्दल तुझा कम्पायलर काय म्हणतो?”

“काहीच नाही,” भावजय हळूच म्हणाली. “नियम लागू पडतोय ना. तो चांगला की वाईट, हे त्याला नाही कळत.”

“परवा दोन कुंड्या फुटल्या, त्या याच,” पैलवान म्हणाला. “माती होती म्हणून आवाज नाही आला.”

“मग आता चल वर,” नणंदेने भावजयीचा दंड धरला. “तू लिही, मी शेजारी बसते. अडीचची गाडी चुकवायची नाही.”

भावजयीने सहावी ओळ पुसली. कम्पायलरने पाचही जागा लालभडक करून दाखवल्या. नणंदेने त्या ट्रेशी ताडून बघितल्या आणि नाइलाजाने मान डोलावली. पहिल्या हावरट नियमाचे तीन तुकडे झाले. मोठं नाजूक हातटेबलावर गेलं, आणि पूर्ण पत्त्याचं सजीव, लहान असो की मोठं, तेही. अर्धवट पत्त्याच्या नाजूक मालाला चौकशीची वाट मिळाली. अर्धवट पत्त्याचं सजीव आलं तर पाठवणाऱ्याला लगेच फोन. प्रत्येक ओळीवर दोघींची एक चकमक झाली, पण दोन वाजायच्या आत कम्पायलरकडे लाल-पिवळं काही उरलं नाही.

काका डबी पट्ट्यावर ठेवू लागले, तसा नणंदेने त्यांचा हात धरला. “थांबा काका. हिच्या हातचा पहिला प्रयोग राणीवर नको.” तिने एका रिकाम्या खोक्यावर ‘सजीव’ची चिठ्ठी लावून ते सोडलं. खोकं सगळ्या घसरगुंड्या ओलांडून हातटेबलाशी येऊन थांबलं. मग राणी गेली. अडीचच्या गाडीत ड्रायव्हरने तिला स्वतःशेजारच्या सीटवर बसवलं. एवढा मान आजवर कुठल्या पार्सलला मिळाला नव्हता.

चार दिवसांनी काकांचा फोन आला : पोळ्याने राणी स्वीकारली, ती अंडी घालतेय, मेहुणा खूष.

पुढच्या महिन्यात कंपनीने थंड माल घ्यायचं ठरवलं. भावजयीने मालाच्या प्रकारांत ‘थंड’ लिहिताच कम्पायलरने चार रिकाम्या जागा दाखवून काम अडवलं. मॅनेजरसाहेब जिना चढून आले. “अहो, पूर्वी ती एक ओळ होती ना शेवटी? राहू द्या की ती. अडायचं तरी नाही.”

“साहेब,” नणंद म्हणाली, “अडतंय म्हणून तर आम्हाला कळतंय. तुम्ही बसता का इथे चारही जागा ठरवायला?”

साहेब बसले नाहीत.

तीन जागा पटकन ठरल्या. चौथीवर गाडी अडली : छोटं, थंड, पत्ता अर्धवट. भावजय म्हणाली, पत्ता मिळेपर्यंत फ्रिजमध्ये. नणंद म्हणाली, कुठल्या फ्रिजमध्ये? कँटीनच्या? पैलवान औषधाची बाटली सरबत समजून पिऊन टाकेल. भावजय म्हणाली, मग नवा मागू. नणंद म्हणाली, मागायचाच तर मोठा मागू. भावजयीच्या मते छोटा पुरे होता, कारण जागा छोट्या पार्सलांची होती. नणंदेने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की बावीस वर्षांत कंपनीने दिलेली प्रत्येक अपुरी वस्तू तिला त्या क्षणी आठवली असावी. मग दोघी उठल्या आणि साहेबांच्या खोलीकडे निघाल्या, फ्रिज किती मोठा मागायचा यावर एकमत न होताच.